ओटीतलं पाचवं फळ

मला एक फळ विकत घ्यायची लाज वाटली. दुकान समोर होतं, फळं मांडलेली होती, लेकीनं हातात तिकडचे पैसेही दिले होते. पण मी पडले झाडीतली बाई. लहानपणापासून टोपल्या भरभरून मोह, टेंभरं, चारोळीची चारं वेचलेली. मी फळ विकत घेणार? म्हणून समुद्राच्या काठाला गेले आणि फुकटचं घेऊन आले. जन्मात मी पुष्कळ मूर्खपणा केला. लग्नात सासूऐवजी सासूच्या शेजारणीच्या पाया पडले, वडशाला नाटक पाहायला गेले तर हसता हसता खुर्चीसकट मागच्या माणसाच्या मांडीत पडले. ते सगळं नातवंडांना रंगवून सांगते. हे एक सांगायला घेते आणि अर्ध्यात पाणी प्यायला उठते.

आता हे वर आलं ते आमच्या आरमोरीच्या गल्लीतल्या भाभीमुळे. भाभीच्या घरी कपडे शिवायचं दुकान आहे. तिची लेक लग्न होऊन नवऱ्यासोबत तिकडे वेस्ट इंडीजच्या एका बेटावर गेली, जावई हॉटेलात स्वयंपाकी आहे. लेकीला दिवस गेलेत आणि बाळंतपणाला आई पाहिजे. गल्लीत तिकडचं पाणी प्यालेली बाई मी एकटीच. ती माझ्या बेटावर नाही, शेजारच्या दुसऱ्या बेटावर जाणार, पण गल्लीच्या हिशेबात ते सगळं एकच. भाभी संध्याकाळी येऊन ओट्यावर बसली.

"काकू, तुमी तं जाऊन आल्या. मले सांगा ना, काय काय घेऊन जाऊ?"

"पहिले तं तोंड घेऊन जाय," मी म्हटलं. "तिथी सामानापेक्षा तेच जास्त लागते."

ती हसली. मी मात्र खरं सांगत होते. तिकडे दुकानात जा, बसमध्ये चढा, नाहीतर रस्त्यात कोणाला पत्ता विचारा, आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. दुपार असली तर 'गुड आफ्टरनून'. समोरचा उलट म्हणेल, मग आपलं काम सांगायचं. हे न करता 'ह्याचे किती?' विचारलं तर ते ऐकूनच घेत नाहीत. एखाद्याच्या घरात चपला घालून शिरल्यासारखं त्यांना वाटतं.

बाकीचंही सांगितलं. ऊन आपल्या मे महिन्याएवढं वाटत नाही, कारण वारा असतो, पण अंग भाजून काढतं, म्हणून लांब बाह्यांचे झंपर घे. नारळाच्या झाडाखाली बसू नको. घरातलं पाणी पावसाचं टाक्यात साठवलेलं असतं, नळ उघडा टाकून भांडी घासू नको. पावसाळ्याच्या शेवटाला वादळं येतात, तेव्हा तिकडच्यांनी दारं-खिडक्यांना फळ्या ठोकायला घेतल्या की आपणही हातोडी उचलायची, 'कशाले?' विचारत बसायचं नाही. लोणचं, बिया, वाळलेली फुलं पेटीत नेऊ नको. माझी वाळलेली मोहफुलं विमानतळावरच्या साहेबानं हुंगून पाहिली, मग दुसऱ्याला हुंगायला दिली, मग कुत्रा आणला. कुत्र्याला आवडली. साहेबानं फेकून दिली.

भाभी पोट धरून हसत होती. हसता हसता तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत माझ्या कातडीवर पांढुरके डाग आहेत.

"ये काऊन झालं काकू?"

"तेल उडलं," मी म्हटलं.

इतकी वर्षं मी हेच सांगत आले. पण ती उठून गेल्यावर मला बसवेना. जी गोष्ट तिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होती, तीच मी गिळली होती.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि अक्कल अजून यायची होती. लेक आणि जावई नुकतेच त्या बेटावर राहायला गेले होते. जावई तिथल्या एका मेडिकल कॉलेजात लॅबमध्ये लागला होता. लेकीचं आधीचं एक बाळ पोटातच गेलं होतं, इकडेच, सहाव्या महिन्यात. त्यानंतर ती बोलायची कमी झाली होती. आता पुन्हा दिवस होते आणि सातवा सरत आला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईनं तिला जास्त हिंडायचं नाही, जिने चढायचे नाहीत, असं बजावलं होतं. लेकीनं फोनवर फक्त एवढंच म्हटलं, "आई, ह्या वेळेस तू पायजे." मी कधी नागपूरच्या पुढं गेलेली बाई नव्हते, पण निघाले.

पेटीत काय नव्हतं! घरचा तांदूळ, लाखोळीची डाळ, डिंकाचे लाडू, माझ्या जुन्या मऊ लुगड्यांचं शिवलेलं दुपटं. दुपट्याला चारही बाजूंनी लाल काठ लावला होता. तो काठ लावताना मी आमच्या ह्यांना म्हटलं होतं, "हे लेकरू माह्या हातानंच वर येते, तुमी पाहाच." इतका माज. जणू बाळ म्हणजे धानाचा रोवणा, माझ्या हातानं लावला की धरलाच.

लेकीचं घर टेकडीवर होतं. खाली घरमालकीण राहायची, आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची, माझ्याच वयाची. आमची एकमेकींची भाषा कळत नव्हती, तरी ती रोज सकाळी जिन्याखालून मला हाक मारून 'गुड मॉर्निंग' म्हणायची. मी मान हलवायची. मला वाटायचं, बाईला दुसरं काम नाही.

एकदा मिरच्या संपल्या म्हणून मी एकटीच चौकातल्या दुकानात गेले. दुकानात एक बाई डबे लावत होती. मी मिरच्यांकडं बोट दाखवलं. ती डबे लावत राहिली. मी टेबलावर बोटं वाजवली. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा डबे. मला वाटलं, माझी साडी पाहून करते आहे, माझा रंग पाहून करते आहे. रंगानं ती माझ्यापेक्षा काळी होती, हेसुद्धा माझ्या रागाला दिसलं नाही. मी तशीच परत आले.

लेक म्हणाली, "तू गुड मॉर्निंग म्हटलं होतं का?"

"मी काऊन म्हणू? मी गिऱ्हाईक आहो."

"आई, इथी तसं नाई चालत."

"मंग नाई चालत तं नाई चालत. मी आता त्या दुकानात पाय ठेवत नाई आन् इथल्या कोण्या बाईले काई विचारत नाई."

लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मी तो हट्ट आणखी फुगवला. तोंड वाकडं करून दुकानवालीची नक्कल करून दाखवली. ती आणखी हसली. त्या हसण्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि केलंच.

मग मी तिची ओटी भरायचं ठरवलं. आधीच्या खेपेला ओटी भरायचीच राहिली होती. बायका तेव्हा कुजबुजल्या होत्या की म्हणूनच तसं झालं. माझा त्यावर विश्वास नव्हता असं मी सगळ्यांना सांगायची, पण पेटीत हिरवी साडी आणि खण घालून आणलेच होते. तांदूळ घरचा होता, नारळ तिथल्याच अंगणातला. पाच तऱ्हेची फळं पाहिजे होती. लेकीनं सांगितल्यावर घरमालकिणीनं आंबा दिला, पेरू दिला, केळी दिली, रामफळाच्या जातीचं एक काटेरी हिरवं फळ दिलं. चार झाली. पाचवं म्हणून तिनं झाडावरची पिकलेली पपई तोडून पुढं केली. मी दोन्ही हातांनी नाही नाही केलं. गरोदर बाईच्या ओटीत पपई? पोट पडलं म्हणजे? मी कानाला हात लावले. ती बिचारी पपई घेऊन गेली.

पपई नाकारली. इतकी मी सावध.

पाचव्यासाठी लेकीनं पैसे दिले होते, पण फळ विकत घ्यायची लाज, आणि दुकानात जायचं तर त्या बाईचं तोंड पाहावं लागणार. लेक पडली होती, जावई कामावर. जावयानं 'मामी, समुद्रावर एकट्या जाऊ नका' असं सांगितलं होतं, पण मला वाटलं ते लाटांसाठी. मी काय लाटेत जाणार होते? मी टेकडी उतरून काठाला गेले.

वाळू संपते तिथं झाडांची एक रांग होती. गर्द, चकचकीत पानांची, सावली इतकी छान की बघताच बसावंसं वाटावं. आणि खाली फळांचा सडा. लहान सफरचंदासारखी हिरवी-पिवळी, आणि वास असा गोड की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. झाडांच्या बुंध्यांना कमरेएवढ्या उंचीवर लाल रंगाचा पट्टा मारलेला होता.

आता तो पट्टा. माझं माहेर एटापल्लीकडचं, सूरजागडाच्या डोंगराच्या अंगाला. आमच्याकडे जंगलातल्या एखाद्या भागातली झाडं तोडायची ठरली, की आधी माणसं येऊन त्या झाडांना रंगाचा पट्टा मारून जातात. पट्टा दिसला की बायका समजतात, हे झाड आता गेलं. मग त्या झाडाचा मोह, त्याची चारं, जे असेल ते शेवटचं म्हणून वेचून घेतात. लहानपणी मी पट्टा मारलेल्या मोहाला पाठ टेकून रडले होते. त्यामुळे तो लाल पट्टा पाहून मला काय वाटलं असेल? मला त्या झाडांची दया आली. 'तुमचेही दिवस भरले का बापा,' असं मी त्यांना मोठ्यानं म्हटलं. आणि वेचायला बसले.

जरा डोळे उघडे असते तर आणखी एक गोष्ट दिसली असती. आमच्याकडे पिकलेल्या झाडाखाली सकाळी उशिरा गेलं तर हाताला काही लागत नाही, माकडं, पाखरं, अस्वल आणि शेजारीण ह्यांनी सगळं नेलेलं असतं. इथं एवढा सडा पडला होता आणि पाखरानं टोचलेलं एकही फळ नव्हतं. मी काय समजले? इथल्या लोकांना वेचायची अक्कल नाही.

चांगली चांगली निवडून मी पदरात टाकली. काही फांदीवरची ओढून तोडली. देठातून पांढरं दूध आलं, ते हाताला लागलं, ते मी पदरालाच पुसलं.

तेवढ्यात दूरवरून कोणीतरी ओरडलं. एक म्हातारी दोन्ही हात हलवत वाळूतून माझ्याकडं येत होती. येत कसली, पळत होती, एवढ्या वयात. ओरडते आहे, हात हलवते आहे, पुन्हा ओरडते आहे. आणि मी काय केलं? लहानपणी जंगलात आम्ही पोरी वेचत असताना जंगलखात्याचा नाकेदार दिसला की जे करायचो तेच. पदर आवळला आणि धूम ठोकली. पन्नाशी ओलांडलेली बाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वाळूत पळते आहे आणि मनातल्या मनात खुशीत हसते आहे, की म्हातारीला चकवलं. मागं वळून पाहिलं तर ती थांबली होती, आणि तरी हात हलवतच होती.

ती काय सांगत होती हे मला पुढं कोणाला विचारावं लागलं नाही.

चढावर माझे हात चुरचुरायला लागले. मला वाटलं खारं पाणी, ऊन. घरी येऊन फळं धुतली. माझ्या आईनं मला शिकवलं होतं, की नव्या जंगलातलं काहीही आधी तिथल्या माणसाला विचारायचं, मग आपण जिभेला लावायचं, मग थांबायचं, आणि मगच दुसऱ्याला द्यायचं. विचारायचं तर मी बंद केलं होतं. जिभेला लावायचं तर ओटीचं फळ उष्टं कसं करणार? म्हणून तेही राहिलं.

लेकीला पाटावर बसवलं. हिरवी साडी तिला इतकी खुलली होती की मी तिची दृष्ट काढली. तांदूळ घातले, नारळ घातला, पाचही फळं एकेक करून पदरात टाकली. आम्ही दोघीच. गाणं म्हणायला कोणी नव्हतं, मग मीच म्हटलं, बेसूर. ती म्हणाली, "आई, गाणं नोको म्हणू, लेकरू आतून लाता मारून राह्यलं." तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला. खरंच लाथ मारत होतं.

मग तिनं ओटीतलं ते पाचवं फळ उचललं, हुंगलं, आणि चावलं.

"गोड हाय व आई. हे कुठी भेटलं?"

"झाडानं देल्लं," मी म्हटलं. काय ऐटीत म्हटलं!

तिनं आणखी एक घास घेतला आणि उरलेलं माझ्या तोंडात घातलं. गोडच होतं. थोड्या वेळानं तिखट वाटायला लागलं, जसं मिरं चावावं तसं. मग जाळ. लेकीनं गळ्याला हात लावला. पाणी दिलं तर ते खाली जाईना, तोंडातून परत आलं. तिचे डोळे माझ्याकडं लागले होते, आणि मला बोलता येत नव्हतं, कारण माझाही गळा आवळत आला होता. मी जिन्याच्या कठड्यावर ताट आपटलं. घरमालकीण वर आली. तिनं पाटावरची फळं पाहिली आणि अशी किंचाळली की ते मला आजही ऐकू येतं. तिनंच लेकीला उचललं, तिनंच गाडी काढली. माझ्या हातांवर तोवर फोड आले होते. जिथं जिथं मी पदर पोटाशी धरला होता, तिथंही.

दवाखान्यात आमच्या गळ्यांची सूज उतरायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाली, नशीब, थोडंच खाल्लं. त्या झाडाला तिकडचे लोक हातही लावत नाहीत, पावसात त्याच्या खाली उभंही राहत नाहीत, पानांवरून पडणाऱ्या पाण्यानंसुद्धा कातडी उकलते. म्हणूनच तो लाल पट्टा. नव्या माणसानं लांबून ओळखावं म्हणून.

लेकीचा गळा दुसऱ्या दिवशी मोकळा झाला. पण पोट शांत झालं होतं. तिनं मला सांगितलं नाही. माझा हात धरून पोटावर ठेवला, कालच्यासारखाच, आणि माझ्याकडं पाहत राहिली. माझ्या हाताला पट्ट्या बांधलेल्या होत्या. मला काही कळलंच नाही.

मुलगा होता.

जावयानं डॉक्टरीणबाईला विचारलं, फळामुळे झालं का? ती म्हणाली, फळामुळेच झालं असं सांगता येत नाही, आधीपासून ठोके कमजोर येत होते. आणि फळामुळे नाही झालं, असंही सांगता येत नाही. जावयानं मला दोन्ही वाक्यं नीट मराठीत सांगितली. भला माणूस. एकच सांगितलं असतं तर मी कशी जगले असते, कोणास ठाऊक. दोन्ही सांगितल्यावरही नीट जगता येत नाही.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, पण ते आले. लेकीला दूध आलं. मी जुनं लुगडं फाडून तिची छाती आवळून बांधली, तेवढं मला येत होतं. तिच्या अंगाला तेल लावायला मी आले होते, पण माझे हात फोडांनी भरलेले. मालिश घरमालकिणीनं केलं. ती तेल लावायची आणि मी दारात उभी राहून पाहायची. ती रोज सकाळी आत येताना मला 'गुड मॉर्निंग' म्हणायची. आता मीही म्हणायला लागले होते. डिंकाचे लाडू डब्यात तसेच होते. एका दुपारी लेक उठली, डबा उघडला, आणि माझ्यासमोर बसून एक लाडू शेवटपर्यंत खाल्ला. चव घेत नव्हती. फक्त चावत होती.

तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. मी वाट पाहत होते. वाटायचं, एकदा ओरडेल, ताट फेकेल, म्हणेल तूच मारलं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, की हो, मीच. ते उत्तर कधी लागलंच नाही.

जायच्या दिवशी मी पेटी भरत होते. दुपटं हातात घेतलं, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. घेऊन जावं तर इकडे त्याचं काय करू, आणि ठेवून जावं तर कोणत्या तोंडानं?

आता त्या दुपट्यात माझी नात वाढली आहे. ती मी फोनवर पाहिली, आधी लाल काठाच्या आत गुंडाळलेली, मग त्याच दुपट्यावर रांगताना. आता ती शाळेत जाते आणि मला रोज फोनवर 'गुड मॉर्निंग, आजी' म्हणते, इकडे संध्याकाळ असली तरी. तिच्या वेळेस बाळंतपणाला लेकीजवळ घरमालकीण होती. मी नव्हते. मला बोलावणं नव्हतं, आणि मी मागितलंही नाही. गल्लीत सांगितलं की माझे गुडघे दुखतात.

उद्या सकाळी मी भाभीच्या दुकानात जाणार आहे. हाताचे डाग पुढं करून तिला सांगणार आहे, की बाई, तेल नव्हतं. लाल पट्टा दिसला की लांब राहाय. पाखरू जिथं बसत नाही तिथं बसू नको. आणि लांबून कोणी हात हलवत ओरडलं, तर पळू नको, थांबून ऐक.

निघायच्या त्या दिवशी मात्र मी दुपटं हातात घेऊन तशीच उभी होते. लेक दारात आली. तिनं माझ्या हातातून ते घेतलं, कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, आणि माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाली:

"दुपटं ठेवून जाय, आई. पुढच्या खेपीले लागन. पण तवा तू नोको येजो."